ख्रिस्ती श्रद्धेचा कौटुंबिक वारसा आणि ‘स्मृतिचित्रे’ : एक पुनर्विचार

प्रस्तावना

लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मकथन १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षेने या ग्रंथाच्या प्रसन्न भाषेचे, नर्मविनोदाचे आणि निर्व्याज निवेदनाचे भरभरून कौतुक केले. ते रास्तही आहे. परंतु या कौतुकाच्या भरात ग्रंथाचे एक महत्त्वाचे अंग मागे पडले. एका मराठी घरात नवी श्रद्धा कशी आली, ती घरातल्या एका माणसाकडून दुसऱ्याकडे कशी गेली आणि पुढच्या पिढ्यांत कोणत्या रूपाने टिकली, याची इतकी तपशीलवार नोंद मराठीत दुसऱ्या ग्रंथात क्वचितच सापडते.

धर्मांतराकडे पाहण्याच्या आपल्याकडे दोन रूढ पद्धती आहेत. एका पद्धतीत धर्मांतर म्हणजे परंपरेशी झालेली ताटातूट. दुसरीत ते एका व्यक्तीच्या आत्मिक शोधाची परिणती. दोन्ही पद्धती धर्मांतराच्या दिवसापाशी येऊन थांबतात. त्यानंतरच्या सकाळी घरात चूल कोणी पेटवली, पाणी कोणी भरले, मुलाला प्रार्थना कोणत्या भाषेत शिकवली, हे प्रश्न त्या विचारत नाहीत. श्रद्धेचा वारसा मात्र याच प्रश्नांत घडतो. टिळक कुटुंबाने पुढच्या पिढीच्या हाती पूर्ण झालेली श्रद्धा दिली नाही, तर अपुरे राहिलेले काम दिले, आणि ते काम ज्याने त्याने आपल्या हाताने पुढे नेल्यामुळेच वारसा टिकला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

वारसा : कायद्यातील आणि घरातील

एकोणिसाव्या शतकात धर्मांतर करणाऱ्या व्यक्तीपुढे वारसा हा प्रश्न प्रथम मालमत्तेच्या रूपाने उभा राही. जातीबाहेर गेलेल्या माणसाचा वडिलार्जित संपत्तीवरील हक्क हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे संपुष्टात येत असे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ही स्थिती बदलली आणि धर्म किंवा जात सोडल्यामुळे वारसाहक्क बुडणार नाही अशी तरतूद झाली. पुढे १८६६ मध्ये धर्मांतरितांच्या विवाहविच्छेदाचा कायदा आला. ख्रिस्ती झालेल्या व्यक्तीचा जोडीदार धर्मांतराच्या कारणावरून सहवास नाकारीत असेल, तर न्यायालयाकडे जाऊन तो विवाह संपवण्याची वाट या कायद्याने मोकळी केली.

या दोन कायद्यांनी वाडा, शेत आणि विवाह यांचा निवाडा केला. पंक्ती, सोयर, सुतक आणि देव्हारा यांचा निवाडा त्यांच्या हाती नव्हता. कायद्याने मुलगा वारस राहिला तरी घरच्यांच्या लेखी तो परका होऊ शके. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला, तेव्हा ही पार्श्वभूमी होती. पत्नी सोबत आली नव्हती. १८६६ च्या कायद्याचा आधार त्यांना उपलब्ध होता. टिळकांनी ती वाट धरली नाही. ते पत्नीची वाट पाहत राहिले. या वाट पाहण्यातून पुढचा सारा कौटुंबिक इतिहास घडला.

या इतिहासाचा विदर्भाशी निकटचा संबंध आहे. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपुरात आले आणि त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ पासून येथे उभे आहे. टिळकांच्या आयुष्यातील निर्णायक वळण मात्र मिशनच्या शाळेत आले नाही. नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते संस्कृतविषयक लेखन-संपादन करीत होते. पुढे राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने दिलेला ‘नवा करार’ त्यांच्या हाती आला. शास्त्रचर्चेत मुरलेल्या पंडिताला ही श्रद्धा वाचनातून भेटली. त्यांच्या पत्नीला ती वाचनातून भेटली नाही. हा फरक पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

पतीकडून पत्नीकडे : पाच वर्षांचे अंतर

टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, तर लक्ष्मीबाईंचा १९०० चा, राहुरीचा. मधल्या पाच वर्षांतील बराच काळ त्या पतीपासून दूर, नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पंढरपूरचे वास्तव्य याच काळातले. मुलगा देवदत्त त्या वेळी अगदी लहान होता. पुढे अहमदनगरला पतीच्या जवळ आल्यानंतरही त्यांनी आपले सोवळे आणि स्वयंपाक वेगळाच ठेवला होता. एका गावात, एकाच कुटुंबात दोन धर्म आणि दोन चुली काही काळ शेजारी नांदल्या.

‘स्मृतिचित्रे’च्या रचनेकडे लक्ष दिले तर या चुलीचे महत्त्व कळते. ग्रंथाच्या आरंभीच लक्ष्मीबाईंनी आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे वर्णन केले आहे. बाहेरून आलेली जवळजवळ प्रत्येक वस्तू धुवून घेण्याचा त्यांचा अट्टहास आणि त्यापायी साऱ्या घराची होणारी ओढाताण लेखिकेने हसत हसत सांगितली आहे. वाचकाला वाटते की हा बालपणीच्या गमतीचा भाग आहे. वस्तुतः ग्रंथाचा मुख्य प्रश्न तेथेच मांडला गेला आहे. श्रद्धा घरात कशाने शिकवली जाते, हा तो प्रश्न होय. लक्ष्मीबाईंना माहेरी धर्म शिकवला गेला तो पाणी, भांडी आणि स्पर्श यांच्या द्वारे. म्हणूनच त्यांचे परिवर्तनही आधी पाणी, भांडी आणि स्पर्श यांच्या पातळीवर होते. माणसामाणसांतील भेद देवाने केलेला नाही हे मनाला पटल्यावर सोवळे गळून पडते, आणि ते गळून पडल्यावर काही काळाने बाप्तिस्मा येतो. पतीने ग्रंथ वाचून जे मिळवले, ते पत्नीने पाण्याचा तांब्या ओलांडून मिळवले.

या क्रमाचे एक लक्षण नोंदवले पाहिजे. लक्ष्मीबाईंनी ख्रिस्ती सिद्धांताची चर्चा ग्रंथात फारशी केलेली नाही. बाप्तिस्म्याचा प्रसंगही त्यांनी मोठ्या नाट्यमयतेने रंगवलेला नाही. धर्मांतराच्या आत्मकथनांत असा प्रसंग सामान्यतः शिखरस्थानी असतो. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांच्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात बौद्धिक शोध आणि त्याची परिणती हाच कथनाचा कणा आहे. ‘स्मृतिचित्रे’त तसा कणा नाही, म्हणून काहींना हा ग्रंथ धर्मविषयक वाटतच नाही. परंतु येथे श्रद्धा वाद जिंकून येत नाही. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून येते, आणि त्यामुळे ती मुलांपर्यंत पोहोचू शकते. लहान मुलाला वाद कळत नाही. आई कोणाच्या हातचे पाणी पिते हे मात्र नीट कळते.

याच संदर्भात ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादांच्या शीर्षकांचा विचार करणे उद्बोधक ठरेल. १९५० च्या जोसेफीन इंकस्टर यांच्या अनुवादाचे नाव होते ‘आय फॉलो आफ्टर’, म्हणजे मी मागोमाग येते. शांता गोखले यांच्या २०१७ च्या अनुवादाने मूळ नाव राखले, परंतु उपशीर्षकात या आठवणी एका बाणेदार पत्नीच्या असल्याचे सांगितले. दोन्ही नावांत सत्याचा अंश आहे. तरी दोन्ही ठिकाणी लक्ष्मीबाईंची ओळख पतीच्या संदर्भात ठरते. प्रत्यक्ष ग्रंथ सांगतो की त्या मागोमाग गेल्या नाहीत. पाच वर्षांनी गेल्या, वेगळ्या वाटेने गेल्या आणि आपले सोवळे आपल्याच हाताने उतरवून गेल्या. पत्नीने पतीचा धर्म ‘घेतला’ असे येथे म्हणता येत नाही. तिने तो स्वतः पुन्हा शोधला. श्रद्धेच्या वारशाचा पहिला नियम या घरात पिढ्यांच्या आधी पतिपत्नींमध्येच सिद्ध झाला.

अपुऱ्या ग्रंथांचा वारसा

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहावयास घेतले. त्यांच्या हातून आरंभीचे काही अध्याय झाले. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि काव्य अपुरे राहिले. ते पूर्ण करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले. लग्नानंतर पतीकडून अक्षरओळख करून घेतलेल्या या स्त्रीने काव्याचा बहुतांश भाग रचला. अखेरचा अध्याय देवदत्त टिळक (१८९१–१९६५) यांनी लिहिला आणि १९३८ मध्ये, लक्ष्मीबाईंच्या निधनानंतर, ‘ख्रिस्तायन’ प्रकाशित झाले.

‘स्मृतिचित्रे’ची कथाही याहून फार वेगळी नाही. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून देवदत्तांनी आईला आठवणी लिहून काढावयास सांगितले. साधन म्हणून सुरू झालेल्या लेखनाने स्वतंत्र ग्रंथाचे रूप घेतले. चौथा भाग लेखिकेच्या हातून पुरा झाला नाही. त्याची जुळवाजुळव मुलाने केली. आधीच्या भागांची सलगता या भागात नाही, हे मान्य करावे लागते. पुढे नातू अशोक देवदत्त टिळक यांनी ‘स्मृतिचित्रे’ची संपादित आवृत्ती सिद्ध केली आणि ती १९८९ मध्ये वाचकांच्या हाती आली.

म्हणजे आजोबांनी आरंभलेले काव्य आजीने वाढवले, मुलाने संपवले. आजीचे गद्य मुलाने पुरे केले आणि नातवाने संपादिले. या कुटुंबात श्रद्धेचे हस्तांतरण आणि ग्रंथांचे हस्तांतरण या दोन वेगळ्या घटना नाहीत. आईच्या बाप्तिस्म्याच्या वेळी देवदत्त नऊ वर्षांच्या आसपास होते. त्या वयात श्रद्धा निवडता येत नाही, ती घरासोबत मिळते. पण आईवडिलांचे अपुरे लेखन पूर्ण करायला बसलेला प्रौढ मुलगा एक निवड करीत असतो. त्या लेखनातील प्रत्येक ओळीशी त्याला आपले मन ताडून पाहावे लागते. जन्माने मिळालेली श्रद्धा अशा श्रमातून स्वतःची होते. देवदत्तांनी १९६० मध्ये पंडिता रमाबाईंचे चरित्र लिहिले, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे. वडिलांच्या पिढीतील श्रद्धावंतांचा शोध ते घराबाहेरही घेत होते.

या वारशाला रक्ताची मर्यादा नव्हती. टिळकांच्या घरात स्वतःच्या मुलांखेरीज अनेक अनाथ मुले वाढली. बालकवी त्र्यंबक बापूजी ठोंबरे (१८९०–१९१८) यांनाही अहमदनगरला या घराने आपलेसे केले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि कोणी त्यांच्याकडून तशी अपेक्षाही ठेवली नाही. ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्यासंबंधी जी माया आहे, तीत धर्माचा हिशेब कोठे दिसत नाही. या घराने काहींना श्रद्धा दिली, काहींना कविता दिली, काहींना नुसता आसरा दिला. श्रद्धा देण्याचा आग्रह जेथे कमी, तेथे ती अधिक टिकाऊ ठरते, असा निष्कर्ष या उदाहरणावरून काढता येईल.

खुंट आणि डोळा : भाषेचा प्रश्न

नरखेड-काटोल भागातील संत्रा बागायतदाराला हे वेगळे सांगावे लागत नाही की जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधला म्हणजे फळ संत्र्याचे येते, पण जमिनीतून पाणी ओढण्याचे काम जंभेरीच करते. टिळकांच्या काव्याला हा दृष्टांत चपखल लागू पडतो. अभंग, ओवी, भजन, कीर्तन हा त्यांच्या श्रद्धेचा खुंट होता. तुकारामांनीच आपल्याला ख्रिस्तापर्यंत आणले, अशी त्यांची धारणा होती. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशनच्या नोकरीचा त्याग करून ‘देवाचा दरबार’ हा उपक्रम सुरू केला, त्यामागेही ख्रिस्तभक्ती आपल्या मातीत आपल्या पायावर उभी राहावी ही तळमळ होती. त्यांनी रचलेली पदे आजही मराठी मंडळ्यांच्या उपासनेत गायली जातात.

श्रद्धेच्या वारशाच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. प्रवचन विसरले जाते, चाल लक्षात राहते. निरक्षर आजीला आणि शाळेत न जाणाऱ्या नातवाला एकत्र बसून जे करता येते ते गाणे होय. वसईच्या कॅथलिक समाजाने चार शतकांहून अधिक काळ आपली श्रद्धा आपल्या मराठी बोलीसह जपली, त्यातही घरगुती गीतांचा वाटा आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे; फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० चे. पंथ वेगळे, काळ वेगळा. परंतु घरातली भाषा आणि उपासनेची भाषा एक असावी हा ध्यास समान आहे.

दृष्टांताची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. नवी बाग लावायची तर प्रत्येक रोपावर नव्याने डोळा बांधावा लागतो. वडिलांच्या बागेतील झाडे जोमदार आहेत म्हणून मुलाचे रोप आपोआप संत्री देत नाही.

इतर दोन घरे : रमाबाई आणि खिस्ते

टिळक कुटुंबाचे वेगळेपण अन्य दोन घरांशी तुलना केली असता स्पष्ट होते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. दोन वर्षांची मनोरमा हिचाही बाप्तिस्मा त्याच वेळी झाला. पुढे मनोरमेला कोणते धर्मशिक्षण द्यावे यावरून रमाबाई आणि सिस्टर जेराल्डिन यांच्यात तीव्र मतभेद झाले. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली प्रकाशित केलेल्या पत्रव्यवहारात ते सविस्तर वाचावयास मिळतात. मुलीच्या श्रद्धेची जबाबदारी चर्चची की आईची, हा त्या वादाचा गाभा. रमाबाईंनी आईचा अधिकार सोडला नाही. मनोरमा मोठी होऊन आईची सहकारी झाली, परंतु १९२१ मध्ये आईच्या आधीच तिचे निधन झाले. घरातील वारसा तेथे थांबला. केडगावच्या मुक्ती मिशनने तो संस्थेच्या रूपाने पुढे नेला.

दुसरे घर हरिपंत खिस्ते यांचे. अहमदनगरच्या पहिल्या ब्राह्मण ख्रिस्ती कुटुंबांपैकी हे एक. त्यांची कन्या कृपाबाई सत्यनाथन (१८६२–१८९४) हिने ‘सगुणा’ या आत्मपर कादंबरीत आईच्या मनाची घालमेल रंगवली आहे. पती नव्या श्रद्धेत शिरला, पत्नी भीत भीत त्याच्या सोबत राहिली आणि खूप उशिरा मनाने तेथे पोहोचली. लक्ष्मीबाईंची पाच वर्षे येथे दुसऱ्या रूपाने भेटतात. फरक असा की ही कथा मद्रासमध्ये आणि इंग्रजीत लिहिली गेली. या घरात श्रद्धा पुढच्या पिढीकडे आली, पण लेखनाची भाषा मराठी राहिली नाही. म्हणून मराठी वाचकाच्या स्मरणात कृपाबाईंना लक्ष्मीबाईंचे स्थान मिळाले नाही. तीन घरांत वारशाची तीन वाहने दिसतात: टिळकांकडे ग्रंथ, रमाबाईंकडे संस्था आणि खिस्त्यांकडे परभाषेतील आठवण.

न लिहिलेल्या घरांचा प्रश्न

वरील तिन्ही घरे मुळात ब्राह्मण आहेत, ही या अभ्यासविषयाची मोठी मर्यादा आहे आणि ती ‘स्मृतिचित्रे’चीही मर्यादा आहे. अहमदनगर जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. लक्ष्मीबाईंनी अशा माणसांविषयी जिव्हाळ्याने लिहिले, परंतु ती माणसे त्यांच्या कथनात बाहेरून दिसतात. ज्यांना सोवळे उतरवायचे नव्हते, कारण ते ज्यांच्यावर लादले गेले होते, त्यांच्या घरात नवी श्रद्धा कोणत्या उंबऱ्यावरून आली, हे ‘स्मृतिचित्रे’ सांगू शकत नाहीत.

या घरांच्या वारशात राज्यसंस्थाही हस्तक्षेप करते. अनुसूचित जातींसंबंधीचा राष्ट्रपतींचा १९५० चा आदेश १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना लागू झाला; ख्रिस्ती मात्र अद्याप त्याबाहेर आहेत. अशा कुटुंबापुढे मुलाला श्रद्धा द्यावी की दाखला, असा पेच उभा राहू शकतो. नागपूरच्या वाचकाला याचे मर्म सहज कळेल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी याच शहरात लाखोंनी एकत्र धम्मदीक्षा घेतली; तेथे वारसा घराला मिळाला आणि त्याच वेळी वस्तीलाही मिळाला. महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही थोडी कमी. विदर्भाच्या खेड्यात एखाददुसरे ख्रिस्ती घर असते. त्याला वस्तीचा आधार नसतो. तेथे वारशाचा सारा भार आईवर, आजीवर आणि रात्रीच्या प्रार्थनेवर पडतो.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच अनेक पंथ एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ची स्थापना झाली. चर्चच्या इतिहासात या घटनेची नोंद झाली. त्या दिवसापूर्वी आणि नंतर घरांत काय गायले जात होते, याची नोंद मात्र कोणी केली नाही. लक्ष्मीबाईंना लिहिते करणारा मुलगा भेटला. बहुतेक आज्यांना तो भेटला नाही.

निष्कर्ष

‘स्मृतिचित्रे’चे श्रेष्ठत्व केवळ शैलीत नाही. धर्मांतराच्या दिवसानंतर घर कसे चालते हे सांगण्याचे धैर्य त्या ग्रंथात आहे. श्रद्धा मालमत्तेसारखी वारसाहक्काने मिळत नाही. ती अपुऱ्या कामासारखी हाती येते. पत्नीला पाच वर्षे लागली, मुलाला आईवडिलांचे ग्रंथ पुरे करावे लागले, नातवाला ते पुन्हा वाचून संपादित करावे लागले. जेथे असे काम पुढच्या पिढीसाठी उरत नाही, तेथे श्रद्धा दाखल्यावरील एका शब्दापुरती राहण्याचा धोका असतो.

मराठी विभागांनी यातून एक कार्यक्रम हाती घ्यावा असे सुचवावेसे वाटते. ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवताना विनोदी उताऱ्यांवर न थांबता त्यातील सोवळे, चूल आणि प्रार्थना यांचे वाचन व्हावे. त्याचबरोबर आपापल्या तालुक्यातील ख्रिस्ती कुटुंबांतील वृद्धांकडून, त्यांच्या संमतीने, भजने आणि आठवणी टिपून ठेवाव्यात. पुढच्या पिढीला पूर्ण करण्यासाठी काहीतरी अपुरे हाती द्यावयाचे असेल, तर आधी ते कोणीतरी लिहून ठेवले पाहिजे.